चादरीचं दुसरं टोक

जादूचं सामान विकणाऱ्या त्या दुकानाला एक भारदस्त नाव होतं आणि ते पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलंही होतं; पण गेल्या कित्येक वर्षांत ते कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. सगळे त्याला 'मामाचं दुकान' म्हणत. 'लोकांना मामा बनवायचं तर सामान मामांकडूनच न्यायला हवं,' हा विनोद प्रत्येक नवा जादूगार पहिल्या भेटीत करायचा आणि तो आपल्यालाच सुचला असं समजून खूश व्हायचा. मामाही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. गिऱ्हाइकाचा विरस करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुकान अरुंद आणि लांबट होतं. एका अंगाला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला. पुढे काचेचं कपाट आणि त्यात पत्त्यांचे जोड, पितळी पेले, एकमेकींत अडकणाऱ्या कड्या, पिसांची फुलं, दोन्ही बाजूंना छापा असलेली नाणी. पडद्यामागे कारखाना. तिथे प्लायवूडचे तुकडे, काळं मखमल, डबाभर स्प्रिंगा आणि सरसाचा वास. मामांचं खरं आयुष्य या पडद्यामागे गेलं. खोकं कापायचं, बिजागरी बसवायची, चोरकप्पा असा लपवायचा की तो आहे हे माहीत असलेल्यालाही सापडू नये, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

स्वतः मात्र त्यांनी कधी खेळ केला नाही. एकोणिसाव्या वर्षी एकदाच केला होता. चाळीस माणसांसमोर हात असा थरथरला की गायब व्हायचं अंडं बाहीतून घरंगळून पहिल्या रांगेतल्या बाईंच्या पायाशी फुटलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुलाच्या हातात करवत दिली. पुढे वडील गेले, दुकान मामांच्या गळ्यात पडलं, लग्न करायचं राहूनच गेलं. "तुझ्या दुकानात बाई गायब करायचं सामान आहे, आणायचं एकही नाही," असं त्यांची थोरली बहीण म्हणायची.

या बहिणीला सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती वरच्या दोन खोल्यांत भावाकडे राहायला आली, ती तिथलीच झाली. रेशमी रुमाल शिवणं, जादूगारांच्या कोटाला चोरखिसे लावणं हे काम तिचं. जीभ सुईइतकीच टोकदार, आणि सुई कधी चुकत नसे.

मामांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सम्राट. जाहिरातींवर 'जादूसम्राट' असायचं, त्यातलं 'जादू' लोकांनी काढून टाकलं. धिप्पाड माणूस, नगाऱ्यासारखा आवाज. रंगमंचावर आला की मागच्या रांगेतलं रडणारं पोरसुद्धा गप्प व्हायचं. तो दुकानात फारसा यायचा नाही. त्याची मागणी टपालाने यायची, एका मोठ्या पाकिटातून, आणि त्यात पेन्सिलीने काढलेली चित्रं असायची. खोकं समोरून, खोकं बाजूने, खोकं आतून. प्रत्येक सांधा दाखवलेला, प्रत्येक सावली बारीक आडव्याउभ्या रेघांनी भरलेली. आणि प्रत्येक चित्रात कुठेतरी एक इवलंसं वर्तुळ, त्याला बाण, आणि बाणाशी दोन शब्द : 'इथे श्वास'. आत बसणाऱ्या माणसाला हवा यावी म्हणून ठेवायचं ते भोक.

सव्वीस वर्षं मामांनी त्या चित्रांबरहुकूम खोकी केली. त्यांतलं एक चित्र त्यांनी चौकटीत घालून कामाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं होतं. एखाद्या दिवशी काम मनासारखं होईना, तर ते त्याच्याकडे नुसते बघत बसायचे.

सम्राट गेला तेव्हा शोकसभेत मामा आयुष्यात दुसऱ्यांदा लोकांसमोर उभे राहिले. दोनच वाक्यं बोलले. "लोकांनी त्यांचे पत्ते बघितले, मी त्यांची पेन्सिल बघितली. असा विचार करणारा हात पुन्हा होणार नाही." एवढं बोलून घाम पुसत खाली बसले. दुसऱ्या रांगेत सम्राटाची बायको बसली होती. तिने त्यांच्याकडे बघून हलकेच मान डोलावली.

त्यानंतर आठ महिन्यांनी, एका दुपारी, दुकानासमोर एक टेम्पो थांबला. त्यातून चार ट्रंका उतरल्या, दोन मोठी खोकी उतरली, आणि मागोमाग वहिनी उतरल्या. सम्राटाला मामा 'दादा' म्हणत, म्हणून या वहिनी. साठीच्या, लहानखुऱ्या, पाठीत ताठ. पस्तीस वर्षं सम्राट त्यांना करवतीने कापत आला होता, आणि त्या दर वेळी अखंड बाहेर येऊन हात पसरून हसत आल्या होत्या. लोकांना त्यांचं हसू आठवायचं. आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही ठेवून घ्या. कुणी होतकरू असेल तर त्याला द्या. मी घर आवरतेय. लेक बोलावतेय तिच्याकडे राहायला."

मामांनी एक खोकं ओळखलं. अकरा वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच हातचं. त्यांनी झाकण उघडलं, आत हात फिरवला आणि दचकले. आतला खटका जिथे त्यांनी बसवला होता तिथे नव्हता. चांगला चार बोटं डावीकडे सरकला होता.

"हा खटका कुणी हलवला?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडी नाराजी होतीच.

"मी."

"तुम्ही?"

"माझी बोटं पोचत नव्हती हो. उजव्या कुशीवर वळलं की हात अंगाखाली अडकायचा. मग स्क्रू काढले आणि सरकवला." मामांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा त्यांनी काउंटरवरची पेन्सिल उचलली, वेष्टनाच्या कागदाचा कोपरा पुढे ओढला. "हे बघा. मी अशी आत. गुडघे इथे. खांदा इथे..."

पेन्सिल सरसर चालली. खोक्याची कड उमटली, आतली सावली बारीक आडव्याउभ्या रेघांनी भरली गेली. शेवटी, बोलता बोलता, त्यांनी एक इवलंसं वर्तुळ काढलं आणि सवयीने त्याला बाण जोडला.

मामा त्या बाणाकडे बघत राहिले. मग पडद्यामागे गेले, भिंतीवरची चौकट काढून आणली आणि त्या कागदाशेजारी ठेवली.

वहिनींनी ती बघितली. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे अजून आहे?"

"वहिनी, ही चित्रं तुमची?"

"हो."

"सगळी?"

"त्यांना साधी रेघ ओढता यायची नाही. बाजाराची यादीसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचे."

मामा स्टुलावर बसले. शोकसभा त्यांना आठवली, दुसरी रांग आठवली, ती डोललेली मान आठवली.

"आणि मी तिथे उभं राहून... तुम्ही काही बोलला कशा नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही माझं इतकं कौतुक करत होतात," वहिनी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. आवाज चांगला खणखणीत निघाला. वरून अक्काने डोकावून विचारलं, "कोण रे ते?"

मग चहा झाला आणि चहाबरोबर बाकीचं बाहेर आलं. सम्राट चोर नव्हता, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. सुरुवातीला तो म्हणायचा, लोकांना सांगू या का, ही युक्ती हिची म्हणून. तेव्हा याच नको म्हणायच्या. खोक्यातली बाई विचार करते हे लोकांना कळलं तर ते खोक्याकडेच बघत बसतील, मग खेळ कसा व्हायचा? तो मानायचा. पुढे पुढे त्याने विचारायचं सोडलं. "आणि पुढे पुढे," वहिनी कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "त्यांनी एकदा तरी विचारावं असं मला वाटायला लागलं. पण तोवर त्यांनाही वाटायला लागलं होतं की ते सगळं त्यांचंच आहे. खोटं नव्हते बोलत. विसरले होते."

अक्काने काही न बोलता त्यांचा कप पुन्हा भरला. अक्का गप्प बसली म्हणजे काळजाला लागलं, हे मामांना ठाऊक होतं.

निघताना वहिनी म्हणाल्या, "तो खटका मी उगाच नाही हलवला, भावजी. एकदा आत झोपून बघा, म्हणजे कळेल."

सांगायला सोपं, पण मामांनी जन्मभरात एकाही खोक्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी मापं घेतली होती, सांधे तपासले होते, हवेचं भोक मोजून पाडलं होतं. आत जायचं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ते चप्पल काढून त्या खोक्यात शिरले आणि अक्काला झाकण लावायला सांगितलं.

आत काळोख होता आणि प्लायवूडचा जुना, आंबूस वास. गुडघे हनुवटीशी आले. स्वतःच्या छातीचे ठोके लाकडातून ऐकू येत होते. त्यांनी उजव्या कुशीवर वळायचा प्रयत्न केला, आणि डाव्या खांद्यात काहीतरी कचकन रुतलं. ते ओरडलेच. अक्काने घाबरून झाकण उघडलं. त्यांच्या शर्टाला भोक पडलं होतं आणि भोकाभोवती रक्ताचा ठिपका.

स्क्रूचं टोक. बिजागरीचा स्क्रू फळीपेक्षा लांब निघाला होता आणि आतून तांदळाएवढं टोक बाहेर आलं होतं. बाहेरून सगळं कसं आरशासारखं गुळगुळीत.

दुपारी वहिनी ट्रंकांच्या किल्ल्या द्यायला आल्या. मामांनी खाली मान घालून विचारलं, "तो स्क्रू..."

"डाव्या खांद्याचा? चार वर्षं होता. मग मी त्यावर मेण लावायला शिकले."

"कळवलं असतंत तर मी एका मिनिटात घासून दिला असता."

"मग पुढचं खोकं करताना तुम्ही बिचकला असता. इतकं सुंदर काम करता तुम्ही. म्हटलं, कशाला हिरमोड करा."

त्या रात्रीचं जेवण मामांना गेलं नाही. पुढचे चार दिवस त्यांनी दुकानातलं प्रत्येक खोकं उलटं केलं, बोटाच्या पेराने आतून चाचपलं आणि कानस घेऊन टोकन् टोक घासलं. शेजारचा किल्लीवाला आवाजाला कंटाळून विचारायला आला, "मामा, तुरुंग फोडताय का?"

ट्रंका मात्र त्यांनी कुणाला दिल्या नाहीत. "आधी आतल्या सामानाची नीट यादी करू," असं त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी रोज दुपारी येऊ लागल्या. एक ट्रंक चार दिवसांत व्हायला हवी होती, तिला तीन आठवडे लागले. कारण प्रत्येक वस्तूपाशी थांबणं होत होतं, आणि अक्का आता दोघांना चिकटूनच बसायची, दातात दोरा आणि कान इकडे.

तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी एक वही निघाली. त्यात न झालेले खेळ होते. बहुतेक चित्रांवर सम्राटाच्या अक्षरात 'नको' लिहिलेलं. अक्षर गिचमिड, वहिनींनी सांगितलं होतं तसंच. मामा पानं उलटत होते. एका पानावर ते थांबले.

चित्रात कपडे वाळत घालायची दोरी होती. खाली धुतलेल्या कपड्यांची मोठी टोपली. दोरीवर एक पुरुषाचा शर्ट, रिकामा. समोर एक बाई चादर घेऊन उभी. आणि तो रिकामा शर्ट दोरीवरून वाकून चादरीचं दुसरं टोक धरत होता.

"हे काय?"

वहिनी जराशा लाजल्या. "काही नाही हो. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोन माणसं लागतात. हे दौऱ्यांवर असायचे, मी घरी एकटी. मुलगी लहान होती तेव्हा दौऱ्यांना मी जात नसे. एकदा घडी घालता घालता सुचलं. बाई चादर झटकते, शर्ट समोरचं टोक धरतो. दोघं मागे जातात, पुढे येतात, टोकाला टोक लावतात. घडी होते. बस, एवढंच. हे म्हणाले, परटाचा खेळ वाटेल. नको."

मग अक्काने दातातला दोरा तोडला. "मला बघायचाय हा खेळ," ती म्हणाली.

तिथून पुढचे दोन महिने त्या पडद्यामागे काय काय झालं ते सगळं सांगता येणार नाही. टोपलीपासून शर्टापर्यंत काय जातं, बाही कशाने वळते, हे त्या दुकानाचं गुपित आहे आणि गुपित फुकट सांगायचं नाही हा मामांच्या वडिलांपासूनचा नियम. एवढं सांगायला हरकत नाही की शर्ट पहिले पंधरा दिवस दारुड्यासारखा झुलत होता. नंतर त्याची मान ताठ झाली, तर खांदे पडले. मामा तारा वाकवून वाकवून टेकीला आले. शेवटी अक्काने शर्ट ओढून घेतला. "माणसाचे खांदे तारेत नसतात, शिवणीत असतात," असं म्हणून तिने रात्र जागून नव्हे, सरळ दिवसाढवळ्या दोन तासांत काहीतरी शिवून दिलं, आणि शर्ट जो दोरीवर उभा राहिला तो बघून तिघंही एक पाऊल मागे सरले. त्यात कुणीतरी होतं.

शर्ट सम्राटाचाच होता. निळा, बारीक पट्ट्यांचा. तो कुणाचा घ्यायचा हा प्रश्नच कुणी काढला नाही.

प्रश्न होता तो टोपलीत कोण बसणार याचा. आत एक माणूस लागतच होता. वहिनी बाहेर, चादर धरून. अक्काचे गुडघे वाकत नव्हते. दोघी मामांकडे बघू लागल्या.

"मी?" मामा म्हणाले. "अहो, माझा हात थरथरतो."

"लोकांसमोर थरथरतो," अक्का म्हणाली. "टोपलीत कुठले लोक आलेत?"

दर वर्षी त्या शहरात जादूगारांचा मेळावा भरायचा, दुपारच्या वेळी, एका जुन्या नाट्यगृहात. त्या वर्षी संघटनेचे अध्यक्ष मुद्दाम दुकानात आले. गोरेगोमटे गृहस्थ, कोटाच्या खिशात कायम कागदी फूल. "मामा, यंदा सम्राटांच्या पत्नीचा सत्कार ठेवलाय. पुष्पगुच्छ, मानपत्र, एक फोटो. पाच मिनिटांचं काम."

वहिनी पडद्यामागून बाहेर आल्या. हाताला सरस लागलेला. "मला पुष्पगुच्छ नको. दहा मिनिटं हवीत. खेळ करायला."

अध्यक्षांना ती थट्टा वाटली. मग वाटेनाशी झाली. त्यांनी मामांकडे वळून, समजूतदार माणसाकडे वळावं तसं, म्हटलं, "मामा, तुम्ही सांगा ना यांना. पस्तीस वर्षांत एकटीने कधी... म्हणजे, एवढ्या जाणकार लोकांसमोर..."

मामांनी चाळीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी काउंटरवरचा पत्त्यांचा जोड उगाच सरळ केला. "साहेब," ते म्हणाले, "त्यांना पंधरा मिनिटं द्या. आणि त्याआधी मला एक मिनिट हवंय."

अध्यक्ष गेल्यावर वहिनींनी विचारलं, "तुम्हाला एक मिनिट कशाला?"

"माझं शोकसभेतलं भाषण चुकलंय. ते दुरुस्त करायचंय. तुमची परवानगी असेल तर."

वहिनी बराच वेळ हात पुसत राहिल्या. सरस सुटेना. "सांगा," त्या म्हणाल्या. "पण त्यांना चोर म्हणू नका."

मेळाव्याच्या दिवशी मामा माइकसमोर उभे राहिले तेव्हा खरोखर थरथरत होते. समोर दोनशे जादूगार, म्हणजे दोनशे माणसं, ज्यांना हात कुठे थरथरतो ते बरोबर दिसतं. ते म्हणाले, "सम्राटांसारखा खेळ कुणी केला नाही, पुढेही कुणी करेलसं वाटत नाही. पण मी त्यांच्या पेन्सिलीबद्दल बोललो होतो. ती पेन्सिल वहिनींची होती. सगळी खोकी त्यांची. त्या आत बसायच्या म्हणून आपल्याला दिसल्या नाहीत. मी तर ती खोकी करत होतो, मलाही दिसल्या नाहीत." एवढं बोलून ते आत गेले. सभागृहात कुजबुज उठली. ती शमायच्या आत दिवे मंदावले आणि मामा टोपलीत होते.

पडदा उघडला. वहिनी साध्या कपड्यांत आल्या, घरात असतात तशा. दोरीवर दोनचार कपडे, त्यांत निळा शर्ट. त्यांनी चादर उचलली, झटकली, एकटीने घडी घालायचा प्रयत्न केला. जमेना. पुन्हा झटकली. समोरचं टोक हवेत गेलं आणि शर्टाने ते धरलं.

सभागृहात एकाच वेळी दोनशे माणसांनी श्वास आत घेतला. हे लोक सहसा तसं करत नाहीत.

वहिनी मागे गेल्या, शर्ट मागे झुकला. चादर ताणली गेली. आणि तेवढ्यात टोपलीतल्या काळोखात मामांच्या बोटांना घाम फुटला, पकड सुटली. बाही लुळी पडली, चादर सळकन जमिनीवर आली. मामांना ते अंडं दिसलं, फुटलेलं.

मग बाहेरून वहिनींचा तो खणखणीत आवाज :

"झालं! पस्तीस वर्षं हेच. चादर धरा म्हटलं की सोडलंच टोक. लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

हशा असा फुटला की टोपली हादरली. वहिनींनी चादर उचलली, टोक बाहीत नीट खोचलं आणि बाहीवर दोनदा थोपटलं. ते थोपटणं थेट मामांच्या बोटांपर्यंत पोचलं. हात सरळ झाला.

मग घडी पडली. एकदा मागे, एकदा पुढे, टोकाला टोक. हसणारे लोक हळूहळू गप्प होत गेले. शेवटच्या घडीला शर्ट वाकून अगदी जवळ आला, त्याने आपली टोकं वहिनींच्या हातात दिली. इथे खेळ संपायचा होता. शर्टाने मागे दोरीवर जायचं, वहिनींनी नमस्कार करायचा.

पण वहिनी हलल्या नाहीत. टोपलीत बसलेल्या मामांना काही दिसत नव्हतं. हाताला मात्र कळलं. हातावर वजन आलं. फार नाही, एका माणसाच्या डोक्याचं असतं तेवढं. वहिनींनी कपाळ शर्टाच्या खांद्यावर टेकवलं होतं. सरावात असं कधी झालं नव्हतं. आता काय करायचं हे मामांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण काय करायचं नाही ते त्यांना नक्की कळलं. हलायचं नाही. दंड भरून आला, खांद्यापर्यंत कळ गेली, पायाला मुंग्या आल्या. ते तो शर्ट तोलून बसून राहिले.

किती वेळ ते कुणी मोजलं नाही. मग वजन उचललं गेलं. शर्ट दोरीवर गेला. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात. आयुष्यभर मामांना टाळ्यांची भीती वाटत आली होती. काळोखात गुडघ्यांत तोंड घालून बसलेले असताना त्यांना कळलं की आपण रडतोय आणि ते कुणालाच दिसत नाहीये, ही केवढी सोय आहे.

त्या संध्याकाळी सातआठ जणांनी तरी विचारलं, मामा, तो शर्टाचा खेळ आम्हाला करून द्या. मामा पहिल्यांदाच सराईतासारखे नाही म्हणत गेले. अध्यक्षांनी स्वतःच्या कोटातलं कागदी फूल काढून वहिनींना दिलं. त्यांनी ते अक्काला देऊन टाकलं.

ठरल्याप्रमाणे वहिनी लेकीकडे गेल्या. लेकीला दिवस गेले होते, मदतीला आई हवी होती. मामा त्यांना सोडायला गेले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणाले. गिऱ्हाईक नव्हतं. अक्काने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. चार महिने मामांचं काम चालू होतं, पण चष्मेवाला म्हणायचा की पडद्यामागून करवतीपेक्षा उसासेच जास्त ऐकू येतात.

पाचव्या महिन्यात, एका सकाळी, वहिनी एक पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. नातू झाला होता, गुटगुटीत होता, आणि त्याची दुसरी आजीही तिथे राहायला आली होती. "एका घरात दोन आज्या म्हणजे पोराची दमछाक," त्या म्हणाल्या. "चष्मेवाल्याच्या वरची खोली रिकामी आहे म्हणतात. मी विचारून आलेय."

अक्काला धीर कुठला? तिने त्याच आठवड्यात भाजी निवडता निवडता विषय काढला. माझा भाऊ भित्रा आहे, तो विचारणार नाही, म्हणून मी विचारते, तुम्ही दोघं...

वहिनी हसल्या. "अक्का, भावजींसारखा माणूस मिळायचा नाही, हे मला माहीत आहे. पण मला आता माझी खोली हवी. खिडकी आहे तिला. सकाळी उघडते आणि नुसती उभी राहते." थोडं थांबून म्हणाल्या, "दिवसभर मी इथेच तर असते."

अक्काने ते तसंच्या तसं मामांना सांगितलं. मामा बिजागरी बसवत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "खिडकीची कडी नीट लागत नाही तिची. दुपारी जाऊन बसवून देतो." आणि त्यांचा चेहरा असा काही निवळला की अक्काला पुढे बोलायची गरज वाटली नाही.

आता कामाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. वहिनी चित्र काढतात, मामा ते होणार नाही म्हणून सांगतात. परवा त्यांनी एक टेबल काढलं. त्यावर ठेवलेला पाण्याचा पेला टेबलाबरोबर उलटा होतो आणि पाणी सांडत नाही.

"नाही जमणार, वहिनी. पाणी आहे ते."

"जमेल. इथे कड दोन बोटं आत घ्या."

"दोन बोटं घेतली तर पाय कुठे लावू?"

"पाय तीनच ठेवा."

"तीन पायांचं टेबल उलटं कसं करणार?"

"मी तेच तर दाखवतेय. इकडे बघा ना."

वरून अक्काने तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली. दोघांपैकी कुणालाच ती ऐकू गेली नाही.